आर्डिसचं ‘नको’

व्हर्लिन टोलेफ्सन कौंटीच्या रस्तेखात्यातून निवृत्त झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा मासे पकडायची होडी घेणार. आमच्या हॅलेन गावात निवृत्त माणूस दुसरं करणार तरी काय? पण त्याने घेतला बावीस फुटी ट्रेलर, तोही दुसऱ्याने वापरलेला. पिकअपच्या मागे जोडायचा आणि निघायचं. आत पलंग, शेगडी, कपाटाएवढं न्हाणीघर, आणि दोन माणसांनी एका वेळी वळू नये एवढीच जागा. चौतीस वर्षं त्याने रस्त्यांवरचा बर्फ ढकलला होता. पुढे काहीतरी ढकलल्याशिवाय नाहीतर मागे काहीतरी ओढल्याशिवाय त्याला गाडी चालवल्यासारखं वाटतच नाही, असं त्याची बायको आर्डिस म्हणायची.

खरं तर ट्रेलरची हौस तिचीच. नातेवाइकांकडे जायला तिला फार आवडे, पण त्यांच्या घरात राहायला नाही. त्यांनी आपल्यासाठी चादरी धुवायच्या, आपण त्यांचं गरम पाणी संपवायचं, सकाळी त्यांच्या आधी उठलो तरी पंचाईत, नंतर उठलो तरी पंचाईत. त्यापेक्षा आपला बिछाना आपल्याबरोबर नेला, त्यांच्या दारात गाडी लावली की कोणाला त्रास नाही. पंधरा वर्षं दोघं असेच फिरले. व्हर्लिनची बहीण, आर्डिसचे दोन चुलतभाऊ, आणि दर सप्टेंबरात इडाहोमध्ये लेक लॉरेल. सगळ्यांच्या दारात राहिले, घरात कोणाच्याच नाही.

आता आमच्याकडच्या माणसांबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. वेडेपणाच आहे तो, पण आमचा आहे. आमच्यात काहीही पुढे केलं तर पहिल्यांदा नको म्हणतात. दुसऱ्यांदाही नको म्हणतात, थोडं हळू. तिसऱ्यांदा विचारलं की, “बरं, तुला फार त्रास नसेल तर,” म्हणून घेतात. मग ती कॉफी असो, केकचा शेवटचा तुकडा असो, नाहीतर बर्फात अडकलेली गाडी ओढायला ट्रॅक्टर असो. चर्चमध्ये एकदा टेक्सासकडचा पाद्री आला होता. त्याने म्हाताऱ्या ओल्गाला कॉफी विचारली, ती नको म्हणाली, आणि हा भला माणूस किटली घेऊन पुढे गेला! ओल्गा त्या दिवशी कॉफीवाचून घरी गेली आणि पाद्री दोन वर्षांत गाव सोडून. व्हर्लिनने आर्डिसला लग्नाचं विचारलं तेही तीनदा. पहिल्या वेळी ती म्हणाली, “माझ्यासाठी कशाला उगाच.” तो शहाणा होता, दर वेळी महिनाभर थांबला आणि पुन्हा विचारलं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आर्डिसच्या पोटात दुखायला लागलं. तिने ते तीन आठवडे काकडीच्या लोणच्यावर ढकललं. मग फार्गोच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की स्वादुपिंडात गाठ आहे, यकृतापर्यंत गेली आहे, आणि ईस्टर बघायला मिळेल असं सांगता येत नाही. आर्डिसने डॉक्टरांचे आभार मानले. एवढा वेळ दिलात, बाहेर माणसं खोळंबली असतील, म्हणाली. व्हर्लिनला पार्किंगमध्ये आपली पिकअप सापडेना. लाल रंगाची, अकरा वर्षं वापरलेली पिकअप, आणि तो त्याच रांगेतून तिसऱ्यांदा फिरत होता.

घरी आल्यावर तिने ठरवलेलं सांगून टाकलं. सप्टेंबरात नेहमीसारखं लॉरेलकडे जायचं. लॉरेलला काही सांगायचं नाही.

“तिने राहा म्हटलं तर मी राहणार,” ती म्हणाली. “नाताळापर्यंत, नाहीतर जेवढं असेल तेवढं. पण मी मागणार नाही. आणि तूही तोंड उघडायचं नाहीस. आजारी आहे म्हणून ठेवून घेतलं तर त्यात काय राहिलं? मी हवी म्हणून ठेवून घेतलं पाहिजे.”

व्हर्लिनने शब्द दिला. पन्नास वर्षांत तिने त्याच्याकडे हट्टाने मागितलेली ही दुसरी गोष्ट, पहिला ट्रेलर.

ट्रेलर भरताना त्याला पलंगाखालच्या खणात तिचा हिवाळ्याचा जाड कोट दिसला. बर्फातले बूट दिसले, नाताळला चर्चमध्ये घालायचा हिरवा झगाही. सप्टेंबरच्या दहा दिवसांसाठी. त्याने खण बंद केला आणि बाहेर जाऊन उगाचच चाकांमधली हवा तपासत बसला.

पाच दिवसांचा रस्ता. डकोटा, माँटाना, मग डोंगर उतरून इडाहो. आधी तो दिवसाला तीनशे मैल काढायचा, या वेळी दोनशेचाळीसवर थांबे. ती खिडकीला डोकं लावून बसलेली. मुक्कामाला पोचलं की नेहमीसारखी खाली उतरून ट्रेलरच्या मागे उभी राहायची, कारण मागे घ्यायचं काम तिच्या हातांवर चालायचं. उजवा हात वर म्हणजे उजवीकडे, दोन्ही हात समोर म्हणजे थांब. व्हर्लिन आरशात फक्त तिलाच बघायचा. तिसऱ्या दिवशी त्याने आरशात पाहिलं तर तिने एक हात वर धरला होता आणि दुसऱ्या हाताने झाडाला धरलं होतं. त्याने ट्रेलर वाकडाच लावला आणि म्हणाला, “चालेल असाच.” कधी नव्हे ते तिनेही चालवून घेतलं.

लॉरेलचं घर बॉइझी शहराच्या बाहेर. तिचा नवरा मिकेल बास्क लोकांतला, त्यांचे आजे-पणजे समुद्रापलीकडून इथे मेंढ्या राखायला आलेले. त्याच्या घरात विचारायची पद्धतच नाही. ताट पुढे येतं, त्यात मटणाचं कालवण पडतं, वर कोणीतरी खांद्यावर हात दाबून बसवतं. आर्डिसला ते मनातून फार आवडायचं, पण तिथेही ती अर्धी पळीच घ्यायची. लॉरेल त्या घरात वीस वर्षं राहिलेली. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत मात्र आमच्याकडे वाढलेली.

गाडी दारात लागली तशी लॉरेल धावत आली. आईला मिठी मारून क्षणभर तशीच थांबली, मग मागे होऊन तिच्याकडे बघत राहिली.

“मॉम, वरची खोली तयार केलीय,” ती म्हणाली. “नवीन गादी आणलीय. या खेपेला आत झोपा ना दोघं.”

“अगं नको,” आर्डिस म्हणाली. “आमचा बिछाना आहे की आमच्याबरोबर.”

हे पहिलं. व्हर्लिनला त्यात काही वावगं वाटलं नाही. पहिलं असंच असतं.

दिवस बरे गेले. आर्डिसने दहा वर्षांच्या नातीला, मायटेला, लेफ्से लाटायला शिकवली. लेफ्से म्हणजे आमची बटाट्याची पोळी. कागदासारखी पातळ हवी, आणि मायटेची निघे घोंगडीसारखी. आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं होती, तिला पोरींच्या घोंगड्यांची सवय होती. ती स्टुलावर बसून सांगायची, मध्येच ओट्याला धरून गप्प व्हायची, आणि व्हर्लिन बाहेरून खिडकीतून बघायचा. पाचव्या दिवशी सकाळी ट्रेलरमध्ये केस विंचरता विंचरता ती म्हणाली की वरच्या खोलीच्या खिडकीतून डोंगर दिसतात, मी सहज चढून पाहून आले. तेरा पायऱ्या. दोनदा बसावं लागलं, पण जमलं.

दुसरं आलं सहाव्या दिवशी, जेवताना. लॉरेलने हातातला काटा खाली ठेवला.

“मॉम, तू राहतेस का इथे? डॅडला बिटाच्या हंगामात बिटांचे ट्रक तोलायच्या काट्यावर काम असतं, तो जाऊन येईल. तू नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगपर्यंत राहा. मायटेलाही बरं वाटेल.”

व्हर्लिनचा घास तोंडातच राहिला. आर्डिसचा चेहरा त्याने इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. नव्या नवरीसारखी लाल झाली ती.

“छे गं,” ती म्हणाली, अगदी हळू. “चर्चचं माशांचं जेवण आहे ऑक्टोबरात. चारशे माणसांचे बटाटे. माझ्यावाचून त्यांचं कसं होणार?”

आणि ती लॉरेलकडे बघत थांबली. हातातला रुमाल तिने घडी करून मांडीवर ठेवला, हो म्हणायला तयार बसलेल्या माणसाने ठेवावा तसा. मिकेल पाव तोडत होता. व्हर्लिनला वाटलं, आता. आता विचारेल.

लॉरेलने आईकडे पाहिलं, ताटं गोळा करायला घेतली आणि म्हणाली, “ठीक आहे. जशी तुझी मर्जी.”

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. समोर सगळं वाढून ठेवलेलं असताना ही बाई उपाशी उठली, आणि नवरा शेजारी मूग गिळून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गॅरेजमध्ये पाना शोधत होता, तेव्हा लॉरेल मागून आली.

“डॅड, मॉमची तब्येत बरी आहे ना? किती बारीक झालीय.”

पाना त्याच्या हातातच होता, तरी तो शोधत राहिला. “वय झालं आता,” तो म्हणाला. “दोघांचंही.”

“तिचं मन लागत नाही का माझ्याकडे?”

“लागतं की.”

ती थोडा वेळ उभी राहिली. तिला अजून काहीतरी हवं होतं हे त्याला कळत होतं. दोन वाक्यं, एवढंच तर अंतर होतं. पण शब्द दिलेला, आणि शब्द मोडायची त्याला आयुष्यात सवय नव्हती. तो म्हणाला, जोडणीचा बोल्ट जरा सैल वाटतोय. मग लॉरेल आत गेली.

निघायचा दिवस. आमच्याकडे निरोपाला तास लागतो. आधी स्वयंपाकघरात निरोप, मग दारात, मग अंगणात, मग गाडीच्या काचेतून. आर्डिसने त्या दिवशी दीड तास लावला. गाडीत बसली आणि उतरली, मायटेला जामाची बाटली द्यायची राहिली होती. पुन्हा बसली आणि पुन्हा उतरली, लेफ्सेचं लाटणं इथेच ठेवते म्हणाली. मग म्हणाली, माझा चष्मा आत राहिला वाटतं. ती आत जायला वळली, पण लॉरेलच धावत गेली आणि चष्मा घेऊन आली. आर्डिसने चष्मा घेतला, लेकीच्या गालाला हात लावला. लॉरेलच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते. आर्डिसने आयुष्यात चष्मा कुठे विसरला नव्हता, हे व्हर्लिनला माहीत होतं. त्याने गाडी सुरू केली.

माँटानात तळ्याकाठी पहिला मुक्काम. ऊन अजून पाण्यावर होतं. चाकांखाली ठोकळे घालून झाल्यावर ती ट्रेलरच्या पायरीवर बसली आणि रडली. तो शेजारी बसला, पायरी एकाचीच असल्याने अर्धा बाहेर.

“दोनदा विचारलं तिने,” आर्डिस म्हणाली. “मी वाट बघत होते रे.”

“परत फिरूया?”

“आता? कसं दिसेल ते?”

समोर कोणीतरी होडी काठावर ओढत होतं. “मी म्हणतो, फिरूया,” तो पुन्हा म्हणाला.

“नको व्हर्लिन,” ती म्हणाली, हळू आवाजात.

खरं तर इथेच सगळं होतं. पन्नास वर्षांपूर्वी त्याला तिच्या ‘नको’चा अर्थ कळला होता, महिनाभर थांबून त्याने तिसऱ्यांदा विचारलं होतं. या वेळी तो दमला होता, तीनशे मैल झाले होते, आणि त्याच्या मनात आलं की परत जाऊन दारात उभं राहायचं आणि सांगायचं काय? वारा सुटला होता. तिला थंडी वाजेल म्हणून तो आत हीटर लावायला गेला. एवढंच झालं. माणूस आयुष्यभर ज्याचा विचार करत बसतो ती गोष्ट घडते तेव्हा इतकीच असते.

ऑक्टोबरात तिने चारशे माणसांचे बटाटे बसून सोलून दिले. दर रविवारी लॉरेलचा फोन यायचा, आणि ती खुर्चीत ताठ बसून हवापाण्याचं बोलायची. फोन ठेवल्यावर अर्धा तास पडून राहायची. नाताळात हिरवा झगा घातला, तो पिना लावून आत घ्यावा लागला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिला दवाखान्यात नेलं, आणि त्या सकाळी व्हर्लिनने शब्द मोडला. दवाखान्याच्या भिंतीकडे तोंड करून त्याने फोनवर लॉरेलला सगळं सांगितलं.

लॉरेल त्याच दिवशी निघाली. मिनियापोलिसला पोचली आणि हिमवादळाने सगळी विमानं बंद झाली, रस्ता बंद झाला. दोन रात्री ती विमानतळावरच्या खुर्चीत होती. ज्याने चौतीस वर्षं हेच रस्ते मोकळे केले तो माणूस दवाखान्याच्या खिडकीतून बर्फ बघत बसला होता. आर्डिसने एकदा डोळे उघडून विचारलं, कोणी येतंय का? लॉरेल येतेय, तो म्हणाला. “एवढ्या बर्फात? कशाला तिला त्रास,” आर्डिस म्हणाली. पण तिने त्याला आपले केस विंचरायला लावले. ती पहाटे गेली. लॉरेल सकाळी अकराला पोचली.

दफनानंतर घर भरलं ते भांड्यांनी. गावातल्या प्रत्येक बाईने काहीतरी भाजून आणलं होतं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव. चौथ्या दिवशी लॉरेल ती भांडी परत द्यायला धुवून ठेवत होती आणि व्हर्लिन पुसत होता. ती पाठमोरीच बोलली.

“गॅरेजमध्ये मी तुला विचारलं होतं.”

“हो.”

“वय झालं म्हणालास.”

“तिने शब्द घेतला होता माझा.”

“आणि तुला तो पाळावासा वाटला.” तिने नळ बंद केला. “तिसऱ्यांदा मी विचारायचं असतं, हे मला माहीत नव्हतं असं वाटलं तुम्हाला? मी इथलीच आहे, डॅड. पंधरा वर्षं मी दर सप्टेंबरात तीनदा विचारलं, चारदा विचारलं, आणि पंधरा वर्षं तुम्ही दारात झोपलात. या वर्षी मी ठरवलं, दोनदाच विचारायचं. एकदा तरी माझ्या आईने मला भीक मागायला न लावता माझ्या घरात झोपावं. तिला राहायचं नाही असंच समजले मी. तिला माझं घर आवडत नाही असं समजले. तू शेजारी बसून जेवत होतास.”

व्हर्लिनच्या हातात ओलं फडकं होतं. त्याला म्हणायचं होतं की मी चुकलो, माझ्यामुळे ती तुझ्याकडे राहिली नाही, माझ्यामुळे ती तुझ्यावाचून गेली. यातलं पहिलं तेवढं तोंडातून निघालं. “मी चुकलो, लॉरेल.”

“हो,” ती म्हणाली. ती रडत होती, पण त्याच्याकडे वळली नाही. मग तिने पुढचं भांडं उचललं, आणि बुडाचं नाव वाचून विचारलं की ही बाई कुठे राहते.

मंगळवारी त्याने तिला फार्गोच्या विमानतळावर सोडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या. बर्फ कोणीतरी छान कापलाय, असं ती म्हणाली आणि तो म्हणाला, रस्तेखात्यातला नवीन पोरगा चांगला आहे. आत रांगेशी तिने त्याला मिठी मारली, नीट जेव म्हणाली, हीटरचं फिल्टर बदल म्हणाली, काही लागलं तर फोन कर म्हणाली. तो उभा राहिला. तीही थोडी उभी राहिली, बॅगेचा पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत. मग तिचा नंबर आला आणि ती गेली.

तिने त्याला घरी चल म्हटलं नाही. एकदाही नाही. म्हटलं असतं तर व्हर्लिन तिथूनच, अंगावरच्या कोटानिशी, पहिल्याच वेळी हो म्हणाला असता.